संतीची आण

तेर हे धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे गाव. संत गोरा कुंभार, म्हणजे मराठवाड्याचे गोरोबाकाका, इथले. विठ्ठलनामात देहभान हरपून ते चिखल तुडवत होते. पत्नी संती तान्हे मूल जवळ ठेवून पाण्याला गेली होती. मूल रांगत चिखलात आले आणि बापाच्या पायांखाली गेले. पुढे संतीने घातलेली विठ्ठलाची आण मोडली म्हणून गोरोबांनी स्वतःचे हात तोडले. कुंभाराचे हातच गेले. महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यातली ही कथा कीर्तनांतून घरोघर पोचली.

तिचा शेवट सर्वांना पाठ आहे. पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात, मूलही रांगत येते. वर्षभर खटकत राहिला तो या शेवटाचा वापर. आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहून ‘गोरोबांसारखी श्रद्धा ठेवा, सगळे नीट होईल’ असे सांगितले जाते. केमोथेरपीने गळून गेलेल्या बाईला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते की, गुण येत नाही म्हणजे आपलीच श्रद्धा कमी पडली. असा धीर क्रूर असतो.

कथा मुळात हे सांगत नाही. लेकराचा देह पाहून संती आक्रोश करते, नवऱ्याच्या भजनाला बोल लावते. तो चिडून मारायला धावतो, तेव्हा ती त्याला अडवते ते विठ्ठलाचीच आण घालून. पोटचे मूल गमावलेल्या आईच्या तोंडी त्या घटकेलाही त्याच देवाचे नाव येते. श्रद्धा टिकते ती अशी, रडत आणि भांडत. संतीचा संताप संतकथेने गाळला नाही, तिला अश्रद्धही ठरवले नाही. कीर्तनकार मात्र हा भाग घाईने उरकतात आणि चमत्कारापाशी रेंगाळतात.

तेरचीच दुसरी आख्यायिका संतांच्या मेळाव्याची. गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके वाजवून पाहिले आणि कच्चे ठरवले ते नामदेवांना, ज्यांच्याशी देव बोलत असे त्यांना. देवाची कृपा किती झाली, यावरून भक्ती मोजायची नसते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट जिल्हा विसरलेला नाही. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली माणसे झोपेतच गाडली गेली. वाचलेल्यांपैकी कोणी देव्हारा पुन्हा मांडला, कोणाला ते जमले नाही. दोघांनाही जाब विचारण्याचा अधिकार कोणाला नव्हता. सास्तूरला त्या आपत्तीनंतर ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. तुळजापूरला नवस बोललेली बाई डॉक्टरांच्या गोळ्याही वेळेवर घेते आणि तिला त्यात विसंगती दिसत नाही. तिचेच बरोबर आहे.

२०२५ च्या नवरात्रात भूम-परंड्याकडची शेते पुराने खरवडून नेली. ‘आजार आणि आधार’ हा या अंकाचा विषय त्याआधीच ठरला होता, पण आधाराची गरज आता घराबाहेरही आहे.

गोरोबाकाकांची समाधी तेरला आहे. चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी तिथला बुक्का जरूर न्यावा, घटकाभर शेजारी बसावे. श्रद्धा किती आहे, हे मात्र त्याला विचारू नये.