महामार्ग सोडा, खाडीच्या वेळेने चला

सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या आमच्याकडे रत्नागिरीत उतरतात. बेत ठरलेला असतो: पहाटे निघायचं, दुपारी गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा बघून परत. त्यातला निम्माअधिक वेळ गाडीत जातो. हीच मंडळी मुलाकडे इंग्लंडला गेली की भाड्याची गाडी घेऊन कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांवरून गावोगाव निवांत हिंडतात. ज्याचा राजवाडा तुम्ही धावत बघता, तो ब्रह्मदेशातून हद्दपार केलेला थिबा राजा १९१६ साली इथे रत्नागिरीतच वारला. तीसेक वर्षं राहिला बिचारा, तेही नाइलाजाने. तुम्ही हौसेने येता, तर चार-पाच दिवस काढा आणि किनाऱ्याच्या रस्त्याने या.

उत्तरेकडून येणार असाल तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घाला. सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, म्हणजे तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात आलात. पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मग दाभोळ. दाभोळहून धोपाव्याला पुन्हा बोट, तवसाळहून जयगडला पुन्हा बोट. दाभोळची बोट चुकवलीत तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. म्हणून शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच फोन करून विचारा. पावसाळ्यात आणि वाऱ्याच्या दिवसांत तर नक्कीच. या खाड्यांवर पूल बांधायचे ठरले आहेत. होतील तेव्हा होतील, तोवर मुलांना बोटीच्या कठड्याशी उभं राहू द्या.

नकाशा सांगतो त्या वेळेवर विसंबू नका. रस्ते अरुंद आहेत, वळणं आंधळी आहेत. समोरून एसटी आली तर मागे घ्यायची ती तुमची गाडी; एसटीवाल्याशी हुज्जत घालून रस्ता रुंद होत नाही. पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी अशा मोठ्या गावांत भरून घ्या.

आता भरती-ओहोटीचं. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाणही असतं. थोडा वेळ इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे पौर्णिमेला जेवून दुपारी पाण्यात उतराल, तेव्हा समुद्र आत ओढत असेल. त्या वेळी पोरांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका. गावातला माणूस ‘उतरू नका’ म्हणाला तर तिथेच थांबा, वाद नको. हाच हिशेब हेदवीलाही लावा. तिथल्या बामणघळीच्या कातळातल्या फटीत भरतीचं पाणी घुसलं की उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसेल. बघायचं ते लांबून, शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही.

आणि हात जोडून सांगतो, गाडी पुळणीवर नेऊ नका. ओल्या वाळूवर चाक फिरतं तोवर मजा वाटते, मग रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांच्या पाट्या लावलेल्या असूनही दरवर्षी तिथे गाड्या अडकतात. शहाणपणात आपण एकटेच कमी नाही. पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातले कासवमित्र वनखात्याबरोबर रात्री ती अंडी शोधून जपतात. तुमच्या टायरखाली काय आहे, हे तुम्हाला वरून दिसत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर वेळासला राहा आणि पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडून बघा.

राहायचं ते शक्यतो घरगुती ठिकाणी. मात्र दुपारी दोनला बाराजणांनी दारात उभं राहून ‘उकडीचे मोदक आहेत का?’ विचारू नये. आदल्या दिवशी कळवलंत तर मोदकही मिळतील, कुळथाचं पिठलंही. माशांसाठी हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघा. बघ्यांनी बाजूला उभं राहावं, कोळणींची ती कामाची वेळ असते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरलात तर बर्फातलीच मिळेल.

दोनच दिवस असतील तर उत्तर सोडा. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जा. वळणावर गाडी उभी करून फोटो काढू नका. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, तिथे जाऊन या. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आणि उजेड असेल तर आंबोळगड. या बाजूला गर्दी कमी, म्हणून हॉटेलंही कमी. सकाळी निघतानाच दुपारच्या जेवणाचं कुठेतरी सांगून ठेवा.