कॅमेरा कोणाच्या हाती?

१९२२ साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा मूकपट प्रसिद्ध झाला व अनुबोधपटांच्या परंपरेत त्यास आद्य कृतीचा मान मिळाला. उत्तर कॅनडातील बर्फाळ मुलखात राहणाऱ्या इन्यूइट लोकांचे जीवन रॉबर्ट फ्लॅहर्टी या गोऱ्या गृहस्थाने त्यात चित्रित केले. खर्च सोसला तो केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने. नायकाचे खरे नाव नानूक नव्हते, आलाकारिआलाक असे होते. इन्यूइट लोक त्या काळी बंदुकीने शिकार करीत असताना त्यांच्या हाती जुने भाले देण्यात आले. आत उजेड पुरेना, म्हणून बर्फाचे अर्धेच घर बांधून त्यात त्यांना निजविण्यात आले. ग्रामोफोन पाहून नायक चकित होतो व तबकडी दातांनी चावून पाहतो, असाही एक प्रसंग आहे. प्रेक्षक हसले. वस्तुतः हेच इन्यूइट लोक फ्लॅहर्टीला चित्रीकरणाच्या कामी साहाय्य करीत होते!

फ्लॅहर्टीच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. उलट त्याला त्या लोकांविषयी प्रेमच होते. परंतु ज्या प्रेमात समोरच्याला आजचा माणूस म्हणून उभे राहण्याची मुभा नाही, ते प्रेम घेऊन काय करावयाचे? भाला धरणाऱ्या नानूकचे कौतुक होते. हक्क मागणाऱ्या नानूकचे झाले असते काय?

हक्क मागणारे पडद्यावर आले ते कॅमेरा त्यांच्या स्वतःच्या हाती आला तेव्हा. १९६८ च्या डिसेंबरात अक्वेसास्ने येथील मोहॉक लोकांनी सरहद्दीवरील पुलाचा रस्ता अडविला. १७९४ च्या जे करारान्वये सरहद्द जकातीवाचून ओलांडण्याचा आपणास हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे. पोलिसांनी धरपकड केली व ती चित्रित झाली. १९६९ चा ‘यू आर ऑन इंडियन लँड’ तो हाच. तथापि दिग्दर्शक म्हणून अनेक दशके नाव लागले ते एका गोऱ्याचे. मायकेल मिचेल या मोहॉक कार्यकर्त्याला ते श्रेय २०१७ साली मिळाले. लढा ज्याचा, श्रेय दुसऱ्याचे, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसावा. १९२० साली बाबासाहेबांना ‘मूकनायक’ काढावे लागले, तेही इतरांच्या पत्रांत आपली बाजू येत नाही म्हणूनच.

अलानिस ओबोमसाविन या अबेनाकी बाईंनी हे काम पुढे नेले. १९८१ च्या जूनमध्ये क्विबेकच्या पोलिसांनी रेस्टिगूश येथील मिकमॅक लोकांवर छापे घालून साल्मन माशांची जाळी जप्त केली. बाईंनी १९८४ च्या चित्रपटात मत्स्यव्यवसाय मंत्र्यालाच समोर बसवून जाब विचारला. क्विबेकसाठी सार्वभौमत्व मागणाऱ्या पक्षाचा हा मंत्री मिकमॅकांचे सार्वभौमत्व मात्र मानीत नव्हता, आणि बाई त्याच्यावर उघड संतापल्या. अनुबोधपटकाराने तटस्थ असावे म्हणणाऱ्यांना हे खटकेल. आम्हांला तो संताप चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

१९९० साली ओका गावच्या नगरपालिकेने गोल्फचे मैदान वाढविण्याचे ठरविले. आड येत होती मोहॉकांची देवदार राई व दफनभूमी. ७८ दिवस संघर्ष चालला, एक पोलीस गोळीने मृत्युमुखी पडला, सैन्याने वेढा दिला. पत्रकार एकेक करून बाहेर पडत असता बाई वेढ्याच्या आत राहून चित्रण करीत होत्या. ‘कानेसाताके : २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स’ हा चित्रपट १९९३ साली आला. नावातील आकडाच बाजू मांडतो: हे भांडण गोल्फचे नव्हते, फ्रेंच राजाने १७१७ साली ती जमीन पाद्र्यांच्या संस्थेस देऊन टाकली तेव्हापासूनचे होते. विशेष हे की, चित्रपट निघाला तो कॅनडा सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट मंडळातून. सरकारी पैशाने सरकारलाच प्रश्न विचारता येतो, हे आपल्याकडील अशा मंडळांनी ध्यानात घ्यावे.

मैदानाचा विस्तार रद्द झाला. वादातील ती जमीन केंद्र सरकारने विकत घेतली. मोहॉकांच्या मालकीचा दावा मात्र अद्याप निकालात निघालेला नाही.