क्वेबेक १७५९ मध्ये नव्हे, १६२७ मध्येच हातचे गेले

१३ सप्टेंबर १७५९. क्वेबेकच्या तटाबाहेर, अब्राहमच्या पठारावर, तासाभराच्या आत लढाई संपली. इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती माँकाम या दोघांनाही प्राणघातक जखमा झाल्या आणि उत्तर अमेरिकेतील फ्रेंच सत्ता बुडाली. कथा नाट्यमय आहे, म्हणून लोकप्रिय आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही. #थ्रेड

पुढच्याच वर्षी २८ एप्रिलला त्याच शहराच्या वेशीवर, सँत-फ्वा येथे, फ्रेंचांनी इंग्रजांना हरवले होते! त्या विजयाचे काय झाले? नदीतला बर्फ वितळला आणि पहिली कुमक आली ती इंग्रजांची. वेढा उठवावा लागला. सुमारे ७० हजार फ्रेंचांसमोर इंग्रजी वसाहतींत १० लाखांहून अधिक लोक होते. (एवढ्या तुटपुंज्या संख्येवर ही सत्ता दीडशे वर्षे तगली ती ह्युरन, अल्गाँक्विन आदी मूलनिवासी मित्रांच्या बळावर. लोकप्रिय कथेत त्यांचा साधा उल्लेखही नसतो.)

ही दरी पडली कशी? हवामानाकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. कॅनडाचा हिवाळा जीवघेणा, हे खरेच. पण मॅसॅच्युसेट्सचा हिवाळाही काही सुखाचा नव्हे. तरीही १६३० च्या दशकात सुमारे २० हजार इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये उतरले. त्यांत मोठा भरणा प्युरिटनांचा, म्हणजे राजाच्या धर्मव्यवस्थेला नकोशा झालेल्यांचा होता. इंग्लंडने आपले असंतुष्ट समुद्रापार जाऊ दिले.

फ्रान्सने नेमके उलट केले. १६२७ मध्ये कार्डिनल रिशल्यने 'शंभर भागीदारांची कंपनी' स्थापली, तिला केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा मक्ता दिला आणि १५ वर्षांत ४,००० माणसे वसवण्याची अट घातली. सोबत दुसरी अट: वसणारा कॅथलिकच हवा. व्यापारात आणि दर्यावर्दीपणात मुरलेल्या ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांना वसाहतीचे दार बंद झाले. १६६३ मध्ये राजाने वसाहत ताब्यात घेतली तेव्हा तेथे जेमतेम ३,००० फ्रेंच होते. पुढे चौदाव्या लुईने सैनिक धाडले, सरकारी खर्चाने सुमारे ८०० उपवर तरुणी धाडल्या. आणि १६८५ मध्ये त्याच लुईने नांतचा आदेश रद्द करून लाखांवर ह्युगेनॉटांना परागंदा केले.

'ते कॅनडात गेलेच नसते', असा बचाव केला जातो. त्याचे उत्तर नकाशावर आहे: न्यूयॉर्कजवळचे न्यू रोशेल. ज्या ला रोशेल बंदराला रिशल्यने वेढा घालून उपाशी मारले, त्याचेच नाव ह्युगेनॉट निर्वासितांनी १६८८ मध्ये इंग्रजांच्या वसाहतीतील आपल्या गावाला दिले.

बरे, धर्माची गोष्ट बाजूला ठेवू. रादिसाँ आणि ग्रोसेये या फ्रेंच व्यापाऱ्यांनी १६६० मध्ये होड्या भरभरून बीव्हरची कातडी आणली. परवाना नव्हता म्हणून फ्रेंच गव्हर्नरने दंड ठोकला, माल जप्त केला. दोघे इंग्रजांकडे गेले. १६७० मध्ये लंडनमध्ये हडसन्स बे कंपनीला सनद मिळाली, ती त्यांच्याच माहितीच्या जोरावर.

आणि १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने काय परत मागून घेतले? साखरेची ग्वादलूप आणि मार्टिनिक बेटे. कॅनडा इंग्रजांना देऊन टाकला.