स्वस्त लेथची पारख

इम्पीरियल गॅझेटियरने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पनवेलची नोंद केली ती बैलगाडीच्या चाकांचे गाव म्हणून. घाटावरून उतरलेली गाडी येथून चाकांची जोडी घेऊन परतत असे, असे त्यात म्हटले आहे. त्या गिऱ्हाइकाला चाक ठोकून, फिरवून पाहता येई. आज याच शहरातील एखादा हौशी गृहस्थ किंवा नवशिका कारागीर लाकूड कातण्याचे लेथ यंत्र मागवतो ते मोबाइलवरील छायाचित्र आणि त्याखालच्या ताऱ्यांवर विसंबून.

या ताऱ्यांचा भरवसा किती? भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणले खरे, पण ते ऐच्छिक. शिवाय बहुतेक अभिप्राय खोके उघडल्याच्या दिवशीचे असतात. सहा महिन्यांनी बेअरिंग खडखडू लागले, हे सांगायला सहसा कोणी परत येत नाही. ‘सीई’ या खुणेनेही भुलू नये. ती युरोपीय बाजारासाठी असते आणि अशा बहुतेक वस्तूंवर ती उत्पादक स्वतःच उमटवतो.

त्यापेक्षा जाहिरातीतले आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. मोटार २०० वॅटची म्हटली आणि सोबतचा अडॅप्टर २४ व्होल्ट, ४ अँपिअरचा असेल, तर गुणाकार ९६ वॅटच भरतो. उरलेली शक्ती फक्त कागदावर. वेगाचे तर त्याहून गंभीर. ‘मिनिटाला ५,००० फेरे’ हे विक्रेता भूषण म्हणून मिरवतो. पण त्या वेगाने सहा इंचांचा लाकडी वाडगा फिरला, तर त्याची कड ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने धावते. लाकडात चीर असली तर तुकडा थेट तोंडावर. कातकाम करणाऱ्यांचा ठोकताळा असा, की इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान राहावा. म्हणजे सहा इंचांना हजार ते दीड हजार फेरेच पुरेत. तेव्हा विचारायचे ते यंत्र किती हळू चालते आणि त्या संथ गतीतही जोर टिकतो का, हे. वजनाचेही तेच. बिडाच्या बैठकीचे लहान टेबल-लेथ पस्तीस-चाळीस किलो भरते. चार-पाच किलोंचे यंत्र लेखणी किंवा भोवरा कातायला ठीक, वाडग्याला नव्हे.

यंत्र घरी आल्यावर दोन्ही बाजूंची टोके जवळ आणून ती समोरासमोर भिडतात का, हे पाहावे. मुख्य दांडा हाताने वरखाली हलवावा. जरासाही खेळ जाणवला तर यंत्र परत करावे. बेअरिंगवर ६२०४ यासारखा प्रमाणित क्रमांक असेल, तर सुटा भाग स्थानिक दुकानात मिळतो. नसेल, तर एक बेअरिंग गेले की सारे यंत्र भंगारात.

हौशी माणसाचे काही हजार बुडतात. पण पीएम विश्वकर्मा योजनेचे कर्ज काढून धंदा मांडणाऱ्या सुताराला हप्ता चुकत नाही. त्याला ‘तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे’ असे सांगून वाटेला लावले जाण्याची शक्यता असते. कायदा तसे म्हणत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी उत्पादनाचा मूळ देश आणि विक्रेत्याचा पत्ता देणे बंधनकारक केले आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. जेथे सक्तीचे मानक आहे, तेथे यंत्रणा हलतेही. निकृष्ट प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपयांचा दंड केला होता.

तक्रार विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागत नाही. पनवेलकराला ती रायगड जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि ई-जागृती संकेतस्थळामुळे अर्जासाठी अलिबागची खेपही वाचते. मात्र खरेदीच्या दिवशीच जाहिरातीचे पान छायाचित्रासह जपून ठेवलेले हवे; विक्रेता ते केव्हाही बदलू शकतो.