खळ्यातील पातेरा : वारा मारणारे यंत्र विजेचे घ्यावे की पेट्रोलचे?

भाताची कापणी आटोपून थंडी पडू लागली, की कसाल व आसपासच्या वाड्यांतून एक काम प्रत्येक घरी रोज नव्याने उभे राहते. सकाळी झाडून स्वच्छ केलेले खळे दुपारपर्यंत आंब्या-फणसाच्या पातेऱ्याने पुन्हा भरून जाते. पूर्वी हे काम घरातील बायका हिराचा खराटा घेऊन उजाडण्यापूर्वीच उरकीत, आणि त्यास कोणी काम म्हणून मोजीतही नसे. आता मुले-सुना मुंबईस किंवा गोव्यास, घरी दोन वृद्ध माणसे, आणि रोजावर गडी मिळाला तर तो काजूच्या बागेस आधी हवा. अशा स्थितीत वाऱ्याच्या झोताने पाने ढकलून नेणारे जे यंत्र बाजारात ब्लोअर या नावाने मिळते, त्याकडे पुष्कळ बागायतदारांचे लक्ष गेले आहे, व ते विजेवर चालणारे घ्यावे की पेट्रोलवर, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. घराच्या खळ्यासाठी व परसासाठी तारेचे विजेचे यंत्र घ्यावे. पेट्रोलचे यंत्र बागेच्या जाळरेषेसाठी उपयोगी आहे, परंतु ते एकट्याने घेण्याची वस्तू नव्हे. दुकानात मात्र याच्या उलट सल्ला मिळतो. तेथे झोताचा जोर दाखविला जातो, आणि जोरात पेट्रोलचे यंत्र सरस ठरणार हे उघडच आहे. पण खळ्यातील सुकी पाने दहा हात पलीकडे न्यावयास तेवढा जोर लागतो काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

हातात धरावयाच्या बहुतेक पेट्रोल यंत्रांत टू-स्ट्रोक इंजिन असते. आमच्यापैकी ज्यांनी जुनी बजाज स्कूटर वापरली आहे त्यांस हे इंजिन नवे नाही. पेट्रोलात तेल मिसळून घालावयाचे व मागून निळा धूर सोडीत जावयाचे, हा त्याचा धर्म. या इंजिनात नवे इंधन आत येण्याची व जळालेला धूर बाहेर पडण्याची वेळ एकच असते. त्यामुळे इंधनाचा बराच अंश न जळता तसाच बाहेर जातो. स्कूटरवर बसलेला मनुष्य पुढे जातो व धूर मागे राहतो. येथे तर यंत्र हातात किंवा पाठीवर असते आणि मनुष्य त्याच धुरात श्वास घेतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताच्या हवा-मंडळाने याचा हिशेब मांडला आहे. धंद्याचे पेट्रोल ब्लोअर एक तास चालविल्यास धुरके उत्पन्न करणारी जेवढी घाण हवेत जाते, तेवढी 2017 सालची टोयोटा कॅम्री मोटार सुमारे 1,100 मैल, म्हणजे जवळजवळ 1,770 किलोमीटर चालविल्याने जाते. त्या प्रांताने 2021 साली कायदा केला, व 2024 पासून बागकामाच्या अशा नव्या लहान पेट्रोल इंजिनांची वाट बंद केली. वॉशिंग्टन शहरात 2022 च्या जानेवारीपासून पेट्रोल ब्लोअर चालविण्यासच मनाई आहे. त्यांची हिरवळीची अंगणे व आमच्या जांभ्या दगडावरच्या बागा यांत मोठे अंतर आहे, म्हणून त्यांचा कायदा आम्ही जसाच्या तसा उचलावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु समुद्र ओलांडल्याने इंजिनाचा धूर बदलत नाही.

आवाजाचीही तीच कथा. आपल्याकडील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा आहे. पेट्रोल ब्लोअर चालविणाऱ्याच्या कानापाशी 90 डेसिबलच्या पुढे आवाज होतो. कानांस बोळे किंवा कर्णटोप घातल्यावाचून ते चालवू नये. चालविणाऱ्याने ते घातले तरी शेजारच्या माडीवर निजलेल्या आजाऱ्यास व धारेस उभ्या राहिलेल्या गाईस कर्णटोप कोण घालणार, हे आम्हांस कोणी सांगावे!

आता खर्च पाहू. रोज अर्धा तास याप्रमाणे महिन्यास 15 तास काम धरले, तर तासास अर्धा लिटर पिणाऱ्या लहान पेट्रोल यंत्रास साडेसात लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव 100 रुपये धरला तरी 750 रुपये झाले, आणि तेल वेगळे. विजेचे 600 वॉटचे लहान यंत्र तितकेच तास चालविल्यास 9 युनिट वीज खाते. त्याचा झोत मंद असल्यामुळे वेळ दुप्पट लागला असे धरले तरी 18 युनिट होतात. युनिटला 10 रुपये मोजले तर 180 रुपये. पहिल्या खरेदीतही तारेचे लहान यंत्रच स्वस्त पडते. त्यास कार्बुरेटर नाही, प्लग नाही, दोरी ओढून खांदा दुखविणे नाही.

मात्र विजेचे यंत्र घेणाऱ्यांनी एक चूक करू नये. जोराच्या मोहाने काहीजण 3,000 वॉटचे यंत्र आणतात व ते घरातील साध्या फळीला जोडतात. अशा यंत्रास सुमारे 13 अँपिअर प्रवाह लागतो. त्यास 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच पाहिजे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 50 मीटर लांब नेली, तर एवढ्या प्रवाहाने 15-16 व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात व तार तापते. ती गुंडाळी न सोडता वापरली तर अधिकच तापते. आमच्याकडील शेवटच्या वाडीत आधीच व्होल्टेज कमी असते, तेथे मग मोटार घरघरते व लवकर जळते. यास्तव अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी, ती पूर्ण उलगडावी, आणि जमिनीकडे गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसविल्यावाचून उघड्या खळ्यात विजेचे यंत्र मुळीच चालवू नये. सकाळच्या दवात अनवाणी पायांनी तर नाहीच नाही. पाच-सहा माणसांच्या घराच्या खळ्यास 600 ते 800 वॉटचे यंत्र पुरते, असा आमचा अनुभव आहे.

बॅटरीच्या यंत्राविषयी आमचे मत तूर्त राखून ठेवलेले आहे. तार नसल्याने ते हाताळण्यास फार सोयीचे, आवाजही मर्यादेत. परंतु लहान बॅटरी पूर्ण जोरावर पाव तासाच्या आसपास चालते, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागली म्हणजे यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा पुन्हा मोजावा लागतो. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या मांगरात ती ठेवली तर तिचे आयुष्य आणखी घटते. ज्यांच्याकडे त्याच बॅटरीवर चालणारी कापणीची वा छाटणीची अवजारे आधीच आहेत, त्यांनी अवश्य घ्यावे. केवळ ब्लोअरसाठी घेण्याची घाई नको.

जाता जाता सांगतो की, शेणाने सारवलेल्या खळ्यावर कोणतेही यंत्र जोरात मारू नये. आम्ही तो प्रयोग करून बसलो आहो. पाने गेली, पण चार दिवसांच्या सारवणाचा वरचा पापुद्राही त्यांच्याबरोबर गेला, आणि घरातून जे बोल ऐकावे लागले ते येथे छापण्याजोगे नाहीत. अशा खळ्यास खराटाच योग्य.

बागेचा प्रश्न निराळा आहे. काजूची बाग घरापासून दूर, डोंगराच्या उतारावर, तेथे तार पोहोचत नाही. फाल्गुन-चैत्रात वाळलेले गवत व पातेरा यांतून वणवा आला की दहा वर्षांची वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची झाडे दोन तासांत करपतात. तो वणवा कोणाच्या विडीने लागला की लोंबत्या वीजतारेच्या ठिणगीने, हे नंतर ठरत बसते. गडग्याच्या आतून तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा साफ ठेवणे हाच यावर खात्रीचा उपाय. गवत कापून झाल्यावर तो पट्टा झाडण्यास पेट्रोलच्या यंत्रास तोड नाही. वनखाते मेळघाटासारख्या जंगलांत जाळरेषांसाठी हीच यंत्रे वापरते. येथे आम्ही धुराची व आवाजाची तक्रार बाजूस ठेवतो, कारण एका दिवसाच्या धुराने वर्षाची बाग वाचते.

पण ज्या यंत्राने आगीपासून राखण करावयाची त्यानेच आग लावण्याचा धोकाही तितकाच आहे. तापलेल्या इंजिनात, सुक्या पातेऱ्यावर उभे राहून पेट्रोल ओतणे, ही आम्ही पाहिलेली सर्वांत वाईट सवय होय. यंत्र थंड होऊ द्यावे, झाडलेल्या उघड्या जमिनीवर ठेवून मगच भरावे, आणि चालू करण्यापूर्वी तेथून दहा पावले दूर न्यावे. काम जानेवारीतच, सकाळी उरकावे. मोहोर भरात असताना झाडांखाली धूळ उडवू नये. बी पडू लागल्यावर तर झाडाखाली यंत्र नेऊच नये.

पावसाळ्यातील निगा हाही पेट्रोल यंत्राचा छुपा खर्च आहे. 2025 सालापासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असते, व इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. जूनपासून चार महिने टाकी भरलेली ठेवली तर आमच्या दमट हवेत कार्बुरेटर हमखास बिघडतो. टाकी रिकामी करून, आतील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून मगच यंत्र ठेवावे.

आणि उडविलेला पातेरा जातो कोठे? पुष्कळ ठिकाणी तो पाणंदीत किंवा शेजाऱ्याच्या गडग्यापलीकडे गेलेला आम्ही पाहिला आहे, नाही तर ढीग करून काडी लावलेली पाहिली आहे. यंत्राने काम सोपे झाले म्हणून खत फुकट घालविण्याचेही काम सोपे झाले, असे होऊ नये. खळ्यातील पाने गायरीत शेणाबरोबर थराथराने घालावी. बागेतील पाने पट्ट्याबाहेरील चरांत घालून वर माती ओढावी. झाडाच्या बुंध्याशी मात्र हातभर जागा मोकळी ठेवावी. बुंधा पानांनी झाकला तर वाळवी लागते, आणि खोड पोखरणाऱ्या रोठ्याचा भुसा दिसेनासा होतो.

एका वाडीस जाळरेषेचे काम वर्षातून फार तर आठ-दहा दिवसांचे असते. तेवढ्यासाठी दहा घरी दहा पेट्रोल यंत्रे हवीत कशाला? वाडीने किंवा गावच्या सोसायटीने अवजारे बँकेच्या धर्तीवर एक पाठीवरचे यंत्र घ्यावे. ते चालविणारा, शिकविलेला, एकच मनुष्य असावा, आणि दिवसाप्रमाणे भाडे घ्यावे. ज्यांच्याकडे फवारणीचा पेट्रोलवरील पाठीचा झोतपंप आहे, त्यांनी तो रिकामा करून, स्वच्छ धुऊन, आधी त्याच्याच झोताने पट्टा झाडून पाहावा. नवे यंत्र लागणारही नाही. ज्या वाड्यांत अशी सामायिक व्यवस्था झाली असेल, त्यांनी पेट्रोल किती लागले, पट्टा किती लांब झाला व भाडे काय ठरविले, हे आम्हांस मार्चअखेर लिहून कळवावे. ते आकडे आम्ही याच पानांत छापू.