वाचन अर्ध्यावर का थांबते?

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. फेल्डहोवनमधील आपल्या घरांतही त्याविषयी आदराने बोलले जाते. परंतु ते बोलणे भूक, अस्पृश्यता आणि चळवळ यांपाशीच थांबते. सासुरवाशिणीच्या पायातील लाकडी खोड्याविषयी आपण मौन पाळतो. बेबीताईंनी स्वतःचे लेखन सुमारे वीस वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूर महिला परिषदेत सांगितले. तेव्हा खोड्याची ती पाने मुलींइतकीच मुलांनाही वाचून दाखवू या.