गाठीचे गणित आणि आपला उशीर

कर्जतच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल. कोणी ठाण्याला नोकरीवर निघालेला असतो, कोणी दादरला माल आणायला. त्याच गर्दीत कधी कधी एखादे कुटुंब दिसते. हातात क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट आणि पिशवीत भाकरीचा डबा असतो. खोपोलीहून किंवा कशेळ्याकडच्या एखाद्या वाडीवरून निघालेली ही माणसे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात चाललेली असतात. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय आज देशभरातील कर्करुग्णांचा आधार आहे. आपल्याला तर ते गाडीने दोनेक तासांच्या अंतरावर आहे.

मग आपल्या भागातील रुग्ण तेथे उशिरा का पोहोचतात? माझे मत असे की, खरा उशीर गाडीत होत नाही. तो गाडीत बसण्याआधी घरात होतो. तो कमी करण्यात तुमच्यासारख्या शाळकरी मुलामुलींचा वाटा मोठा असू शकतो. हे पटण्यासाठी आधी कर्करोग म्हणजे काय ते समजून घेऊ.

भेसळ रोपे

आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी आहेत. जुन्या पेशी मरतात आणि नव्या त्यांची जागा घेतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्यातील सर्व आनुवंशिक मजकुराची नक्कल केली जाते. नक्कल म्हटली की चुका आल्याच.

येथे शेतातले उदाहरण घेऊ. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने तयार केलेले ‘कर्जत-३’सारखे वाण तुमच्यापैकी काहींच्या शेतात असेल. बियाण्यासाठी भात लावला, की जाणता शेतकरी शेतातून फिरतो आणि वेगळी दिसणारी भेसळ रोपे उपटून टाकतो. तसे केले नाही तर दरवर्षी भेसळ वाढत जाते. शरीरही अशीच राखण करते. नकलेतील बहुतेक चुका तेथल्या तेथे दुरुस्त होतात. दुरुस्ती जमली नाही, तर ती पेशी बहुधा स्वतःच मरते किंवा रक्तातील पांढऱ्या पेशी तिचा समाचार घेतात. पण एखाद्या पेशीत अशा अनेक चुका साठत गेल्या आणि ‘आता वाढ थांबव’ हा हुकूमच तिला कळेनासा झाला, तर ती वाढतच राहते. हाच कर्करोग. तो एक रोग नसून शंभराहून अधिक रोगांचे कुटुंब आहे.

मात्र प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. साधी गाठ आपल्या जागी हळूहळू वाढते आणि शेजारच्या भागात घुसत नाही. हातावरची चरबीची गाठ या प्रकारची. दुर्दम गाठ मात्र आजूबाजूला मुळे पसरते. तिच्यातील पेशी सुटून रक्तातून आणि लसिका वाहिन्यांतून दूरच्या अवयवांत जातात आणि तेथे नव्या गाठी तयार करतात. हा दुसरा टप्पाच बहुधा जीव घेतो.

बहुतेक कर्करोग त्वचेत आणि अवयवांच्या अस्तरात सुरू होतात. तोंड, अन्ननलिका, गर्भाशयाचे मुख, स्तनातील दुधाच्या नलिका ही त्याची ठिकाणे. येथील पेशी वारंवार दुभंगतात, आणि तोंडासारख्या ठिकाणी त्यांचा बाहेरच्या पदार्थांशी थेट संबंध येतो. काही कर्करोग हाडांत व स्नायूंत, तर काही लसिका ग्रंथींत होतात. रक्ताच्या कर्करोगात तर बहुधा गाठच नसते.

दुपटीचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, असे तीस वेळा दुप्पट करा. उत्तर शंभर कोटींच्या थोडे वर येईल. साधारण एक सेंटीमीटर रुंदीच्या, एक ग्रॅम वजनाच्या गाठीत ढोबळमानाने इतक्या पेशी असतात असे मानतात. म्हणजे बोटाला गाठ लागण्यापूर्वी तीस दुपटी होऊन गेलेल्या असतात. आणखी दहाच दुपटी झाल्या, तर एका ग्रॅमचा किलो होतो!

समजा, एका दुपटीला तीन महिने लागतात. तर पहिली तीस पावले साडेसात वर्षांची, आणि शेवटची दहा फक्त अडीच वर्षांची. गाठ हाताला लागल्यावर ‘बघू पुढे’ म्हणून सहा महिने थांबलात, तर ती चौपट होते. प्रत्यक्षात वाढ इतकी नियमित नसते. कोठे ती झपाट्याने होते, कोठे फार सावकाश, आणि गाठीतल्या पुष्कळ पेशी मरतही असतात. तरीही हिशेबाचा बोध खरा आहे. कर्करोगाला तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्यातील शेवटची थोडी वर्षे फार महत्त्वाची असतात.

हे प्रयोगातही दिसले आहे. १९१५ साली जपानमध्ये कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर चोळले. एक-दोन दिवस नव्हे, तर कित्येक महिने चोळत राहिले. तेव्हा कोठे कर्करोग झाला. चिकाटीने चालू ठेवलेला त्रासच पेशींना बिघडवतो, हे त्यातून कळले.

डबी कोठे आहे?

आपल्या घरात सशाच्या कानाला डांबर चोळावे तसे आपण काय चोळतो? मशेरी! तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून हिरड्यांना लावायची, दिवसातून दोनदा, चारदा, वर्षानुवर्षे. आजीला वाटते, हे दात घासणे आहे. पण हिरड्यांतून निकोटीन रक्तात जाते आणि सवय सुटत नाही. तंबाखूतील नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये तोंडातील पेशींच्या मजकुरात चुका करत राहतात. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष छापले. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे बदल यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा कामातून पक्का होत गेला. भारतातील एकूण कर्करोगांपैकी सुमारे २७ टक्के तंबाखूशी संबंधित आहेत, असे कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात म्हटले आहे.

नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्करोगकारक ठरवले. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते.

खोपोली आणि पाताळगंगेच्या परिसरात काहीजण कारखान्यांच्या धुराकडे बोट दाखवतात. बेन्झिनसारखी काही रसायने कर्करोग घडवतात हे खरे आहे, आणि कामगारांना त्यांपासून वाचवलेच पाहिजे. पण बोट दाखवणाऱ्याच्या दुसऱ्या हातात तंबाखूची पुडी असेल, तर आधी कोणता धोका दूर करता येईल?

इतरही कारणे आहेत. वाढते वय हे सर्वांत मोठे. मद्य हे दुसरे. थोड्या कुटुंबांत आनुवंशिक दोष असतो. काही कर्करोगांमागे विषाणू असतात. यकृताच्या कर्करोगात ब प्रकारच्या काविळीचा, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा हात असतो. या दोन्ही विषाणूंवर लस आहे. दुसरीवरची भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून ९ ते १४ या वयात ती घेणे उत्तम. आणि कधी कधी कसलेच कारण सापडत नाही. निव्वळ नकलेतील चूक नडते. म्हणून रुग्णाला ‘तुझ्या कर्माचे फळ’ असे कधीही म्हणू नये. कर्करोग स्पर्शाने होत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवण्याचीही गरज नाही.

उशीर कोण करतो?

तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख हे आपल्याकडे नेहमी आढळणारे तीन कर्करोग. हे तिन्ही डोळ्यांना दिसू शकतात, हाताला लागू शकतात किंवा साध्या तपासणीत सापडू शकतात. तरीही उशीर होतो. याला नुसते अज्ञान म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. लावणीच्या दिवसांत एक दिवस दवाखान्यात गेला की मजुरी बुडते. बाईला स्तनातील गाठीबद्दल बोलायची लाज वाटते. कोणाला वाटते, रोगाचे नाव कळले की मुलीच्या लग्नात अडचण येईल. आणि सगळ्यांनाच वाटते, कर्करोग म्हणजे मरण, मग कळून उपयोग काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्याने दिले आहे. बार्शी परिसरात १९८७ साली खेड्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना लक्षणे सांगत. काही वर्षांत असे दिसले की, गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या अधिक स्त्रिया आधीच्या टप्प्यात उपचारांना येऊ लागल्या. येथे भारी यंत्र नव्हते, होते ते बोलणे! पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून एक मोठा अभ्यास झाला. पॅपिलोमा विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. ही माहिती २००९ साली प्रसिद्ध झाली.

लवकर सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. किरणोपचारांनी उरलेल्या पेशी मारता येतात. औषधे रक्तातून सर्वत्र पोहोचून दूर गेलेल्या पेशींना गाठतात. मुलांमध्ये नेहमी आढळणारा रक्ताचा कर्करोग आज बहुतेक वेळा बरा होऊ शकतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र आणि रुग्णालय आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात.

झाडपाल्याचे काय? त्या औषधांपैकी एक, व्हिन्क्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. सह्याद्रीच्या रानातील नरक्या या झाडापासूनही कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे द्रव्य मिळते. पण म्हणून सदाफुलीची पाने चावून रोग जात नाही, उलट विषबाधा होईल. वनस्पतीतील नेमके द्रव्य वेगळे काढून, मोजून, तपासून दिले तरच ते औषध. रानाची माहिती असणाऱ्या माणसांचा मान ठेवावा, पण गाठ आधी डॉक्टरांना दाखवावी.

तुमचे काम

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रत्येक सत्रात एक तास तोंडाच्या तपासणीला द्या. चूळ भरावी, उजेडात आरसा धरावा. ओठांच्या आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग पाहावा. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड यांपैकी काहीही आढळले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. स्तनातील गाठ, अवेळी रक्तस्राव, बरेच दिवस बसलेला आवाज, गिळताना त्रास यांनाही हाच नियम. बहुतेक वेळा कर्करोग निघणार नाही. पण ते डॉक्टरांनी सांगायचे असते, आपण ठरवायचे नसते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी मोजमापाचे एक काम. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही. गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टेप घ्या, शाळेच्या फाटकापासून अंतर मोजा, नकाशा काढा आणि मुख्याध्यापकांना द्या. पुढचे काम मोठ्यांचे. तुम्ही टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नका.

आणि घरी आजीजवळ बसा. मशेरीची डबी हिसकावू नका, तिच्यावर ओरडू नका. चाळीस वर्षांची सवय एका रात्रीत जात नाही. नुसते म्हणा, “आजी, आज शाळेत तोंड बघायला शिकवलं. तुझं बघू का?” ती हसेल, नाही म्हणेल, मग उजेडाकडे तोंड करील. तेवढ्याने आपल्या घरातला उशीर कमी व्हायला सुरुवात होईल.